लिलावात घेतलेली पुराची गाडी, आणि ती परत कशी गेली

‘पाणी शिरल्याच्या खुणा : नाहीत.’

लिलावाच्या ॲपवर गाडीचा तपासणी अहवाल होता, त्यातली ही ओळ. तिच्यावर भरवसा ठेवून मी सहा लाख पस्तीस हजारांची बोली लावली. गाडी २०१८ ची डिझेल एर्टिगा, एकहाती म्हणजे एकाच मालकाची, पासिंग एमएच-०८. रत्नागिरीचं पासिंग दिसलं की सांगलीत जुन्या गाड्या घेऊन विकणाऱ्या माझ्यासारख्या गाडीवाल्याला आधी चिपळूण आठवतं. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी चिपळुणात घुसलं, तेव्हा रस्त्यावरच्या आणि दारातल्या गाड्यांचं काय झालं ते सगळ्यांनी पाहिलंय. म्हणून रंग, पत्रा, टायर यांच्याआधी मी पाण्याची ओळ शोधली. तिथं ‘नाहीत’ असं स्वच्छ लिहिलेलं होतं. जागा रिकामी सोडलेली नव्हती, ‘तपासता आलं नाही’ असा शेराही नव्हता.

गाडी पुरातली निघाली. पुढचे काही महिने ती माझ्या शेडमध्ये उभी राहिली आणि शेवटी ज्यांच्याकडून आली त्यांच्याकडे परत गेली. हे कसं झालं ते सविस्तर लिहितोय, कारण अशा वेळी काय करता येतं हे आमच्या लाईनमधल्या बऱ्याच जणांना ठाऊक नसतं. ‘लिलावाचा माल, आता कोण ऐकतंय’ म्हणून माणूस गप्प बसतो, आणि गाडी पुढच्या गिऱ्हाइकाच्या गळ्यात जाते.

वडिलांच्या काळातला लिलाव निराळा होता. बँकेनं हप्ते थकले म्हणून ओढून आणलेल्या गाड्या यार्डात उभ्या असायच्या. सकाळी जायचं, बॉनेट उघडायचं, खाली वाकून चेसिस बघायची, जमलं तर स्टार्टर मारायचा आणि मग लिफाफ्यात आकडा टाकायचा. कागदावर ‘जशी आहे तशी, जिथे आहे तिथे’ असं छापलेलं असायचं आणि ते रास्तही होतं. बँक गाडीबद्दल काहीच बोलत नसे. बघायचं तुमच्या डोळ्यांनी, फसलात तर तुमच्या डोळ्यांनी. आरसी, एनओसी, फायनान्सचा बोजा यात घोळ निघाला तर बँकेच्या दारात जाता येई, कारण विकणाऱ्याला विकायचा हक्क असलाच पाहिजे. गाडीच्या तब्येतीबद्दल मात्र तोंड उघडायची सोय नव्हती.

आता गाडी पुण्याच्या बाहेर कुठल्याशा यार्डात असते आणि बोली सांगलीतून, मोबाइलवर. बोलीआधी गाडीला हात लावता येत नाही. कंपनीचा तपासनीस गाडी पाहतो, शंभरावर मुद्दे भरतो, फोटो टाकतो. सगळ्यात वरची बोली मालकाला मान्य झाली की टोकन कापलं जातं, दोन दिवसांत पूर्ण पैसे भरायचे, आणि त्यानंतरच विम्याची प्रत, आरसीची प्रत वगैरे कागद उघडतात. म्हणजे माझे डोळे त्यांनी काढून घेतले आणि जागेवर त्यांचा शब्द ठेवला. असं असताना ‘जशी आहे तशी’ हे जुनं वाक्य तसंच्या तसं अटींमध्ये ठेवून द्यायचं हे मला तेव्हाही पटत नव्हतं आणि आजही पटत नाही. माझं सगळं भांडण या एका मुद्द्यावर होतं.

२०२५ च्या फेब्रुवारीत गाडी उचलली. ड्रायव्हरला सांगून ठेवलं होतं की गेटपासच्या आधी चावी लावून डॅशबोर्डचा व्हिडिओ काढ, मीटरचं रीडिंग दिसू दे, चेसिस नंबर दिसू दे, चारी बाजूंनी फीर. हे मी प्रत्येक गाडीला करतो. तक्रारीची मुदत ४८ तासांची असते आणि ती गाडी सांगलीत पोचल्यापासून मोजत नाहीत, गेटपासच्या वेळेपासून मोजतात. ड्रायव्हर कऱ्हाडात जेवायला थांबला तरी ते घड्याळ चालूच असतं.

संध्याकाळी गाडी शेडमध्ये लागली. आमच्या मिस्त्रींनी बॉनेटला हातसुद्धा लावला नाही. मधल्या सीटवर बसले आणि सीटबेल्ट हळूहळू बाहेर ओढत राहिले. माणूस बेल्ट लावताना पट्टा जेवढा बाहेर येतो तेवढा भाग काळाभोर, धुतलेला होता. आणखी ओढला. रिळावर कायम गुंडाळलेल्या शेवटच्या दोन वितींवर तांबूस डाग लागले, आणि शिवणीच्या कडेला वाळलेल्या चिखलाची बारीक रेघ. मिस्त्रींनी नखानं खरवडलं, भुकटी तळहातावर घेतली आणि मला दाखवली.

“दादा, हा आपल्याकडचा गाळ न्हाई. हा कोकणातला.”

सांगलीच्या माणसाला गाळ कळतो. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ५७ फुटांच्या वर गेली होती, धोक्याची पातळी तिथं ४५ फूट आहे. त्या पुरानंतर आमच्या मिस्त्रींनी महिनोन्‌महिने पुराच्याच गाड्या उघडल्या. आमचा गाळ काळसर, चिकट, वाळला की खपली धरतो. हा तांबडा होता.

मग सीट काढल्या. कार्पेट नवं होतं, इतकं नवं की बाकीच्या गाडीच्या मानानं डोळ्यांत भरत होतं. त्याखालचं फेल्ट मात्र जुनंच, एका कोपऱ्यात दगडासारखं घट्ट झालेलं. सीटच्या रेलचे बोल्ट गंजलेले. ड्रायव्हर सीटखालच्या वायरिंगचे कनेक्टर वायरमननं सोडवले तर पितळी पिनांवर हिरवट थर. आणि गिअर लिव्हरच्या पुढं, कन्सोलखाली, एअरबॅगचा कंट्रोल बॉक्स असतो. त्याच्या ॲल्युमिनिअमवर पांढरी पूड धरलेली होती.

यानंतर वायरमननं जे दाखवलं त्यानं माझं डोकं फिरलं. चावी फिरवली की डॅशबोर्डवर एअरबॅगचा दिवा काही सेकंद लागतो आणि विझतो. या गाडीत तो लागतच नव्हता. स्कॅनर जोडला तर एअरबॅगचा बॉक्स उत्तरच देत नव्हता. दिवा पेटून राहिला असता तर गिऱ्हाइकानं विचारलं असतं, म्हणून कुणीतरी दिव्याचाच बंदोबस्त केला होता. ड्रायव्हरच्या व्हिडिओत चावी फिरवतानाचं दृश्य होतंच. ते पुन्हा लावून पाहिलं. यार्डातसुद्धा दिवा लागलेला नव्हता.

सात सीटची गाडी लोक घरच्यांसाठी घेतात. आईवडिलांना पंढरपूरला न्यायला, लेकरांना मामाच्या गावाला सोडायला. असल्या गाडीत कुणाला बसवायचं नाही हे त्या शेडमध्येच ठरलं. लाईनमधल्या एकदोघांनी त्याच रात्री फोनवर सल्ला दिला, “बेल्ट बदल, बॉक्स जुना टाक आणि लांबच्या पार्टीला दे ढकलून, चार पैसे सुटतील.” ते माझ्या काळजीनंच बोलत होते आणि आमच्याकडे बहुतेक असंच होतं. पण त्या गाडीचा पुढं कुठं अपघात झाला असता आणि एअरबॅग उघडली नसती, तर मला स्वतःला उत्तर देता आलं नसतं.

रात्री कागद घेऊन बसलो. विम्याची चालू पॉलिसी मार्च २०२४ ची होती आणि नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल विम्याच्या हप्त्यात मिळणारी सूट, २५ टक्के. इथं मी थांबलो. एकही क्लेम नसेल तर हा बोनस पहिल्या वर्षानंतर २०, मग २५, ३५, ४५ आणि पुढं ५० टक्के असा चढतो. गाडी मार्च २०१८ ची, मालक तोच. क्लेम झालाच नसता तर मार्च २०२४ ला ५० टक्के दिसायला हवे होते. २५ टक्के म्हणजे त्याआधीची फक्त दोन वर्षं बिनक्लेमची. मागं मोजत गेलं की क्लेमचं वर्ष निघतं मार्च २०२१ ते मार्च २०२२, आणि चिपळूणचा पूर त्याच वर्षातल्या जुलैचा. हा कागद कंपनीनं स्वतः ॲपवर चढवला होता, फक्त पैसे भरल्यावर उघडेल असा. पुढं सर्व्हिस सेंटरमधून चेसिस नंबरवर इतिहास काढला, तर ऑगस्ट २०२१ मध्ये गाडी टो करून आणल्याची नोंद मिळाली.

वकीलसाहेबांना त्याच रात्री फोन लावला. ते म्हणाले, “आधी गाडीला हात लावायचं बंद करा. दुरुस्ती नाही, धुणं नाही, विकायला दाखवणं नाही, नावावर चढवणं तर नाहीच. आणि ॲपवर तक्रार टाकाच, पण मेलवर एक वाक्य वेगळं लिहा, ‘ही गाडी वर्णनाप्रमाणे नसल्यामुळे मी ती स्वीकारत नाही.’”

ते वाक्य इतकं महत्त्वाचं का, हे त्यांनी नंतर समजावलं. वस्तुविक्रीचा कायदा १९३० चा. त्याच्या १५ व्या कलमानुसार वर्णनावरून माल विकला तर माल त्या वर्णनाला जुळला पाहिजे, ही कराराची अट धरली जाते. अट मोडली तर माल नाकारता येतो. पण एकदा माल ‘स्वीकारला’ की नाकारायचा हक्क जातो आणि फक्त नुकसानभरपाई मागायची उरते. स्वीकारलं केव्हा धरतात ते ४२ व्या कलमात आहे. तुम्ही तसं कळवलंत, किंवा मालकासारखं वागलात, म्हणजे दुरुस्त केलीत, विकलीत, किंवा काही न कळवता वाजवी वेळाच्या पलीकडे ठेवून घेतलीत, की स्वीकारली. आमचे लोक नेमके इथं अडकतात. गाडी आली की दुसऱ्या दिवशी पॉलिशला, तिसऱ्या दिवशी फोटो, आठवड्यात नाव चढवायला फॉर्म २९ आणि ३०. दोष महिन्यानं कळतो आणि तोवर परत द्यायचा रस्ता गेलेला असतो.

आणखी एक गोष्ट मला माहीत नव्हती आणि ऐकून धीर आला. ४३ वं कलम म्हणतं की रीतसर नाकारलेला माल विकणाऱ्याच्या दारात नेऊन टाकायची जबाबदारी खरेदीदाराची नसते. नाकारला हे कळवलं की पुरे. गाडी घेऊन पुण्याला जा, तिथं गेटवर अडवून घ्या, असं काही करावं लागलं नाही.

लिलाव उरकला की ॲपवरून गाडीचं पान उडतं, पण तक्रार चालू असेपर्यंत अहवाल दिसत होता. त्याचं स्क्रीन रेकॉर्डिंग केलं, वरची तारीख-वेळ दिसेल असं. असा पुरावा पुढं मांडायचा तर भारतीय साक्ष्य अधिनियम २०२३ च्या ६३ व्या कलमाचं प्रमाणपत्र जोडावं लागतं. ते वकीलसाहेबांनी नंतर करून घेतलं आणि मूळ मोबाइल जपून ठेवायला लावला.

कंपनीचं उत्तर आलं. तपासणी फक्त वरवरची, नजरेनं केलेली असते. गाडी ‘जशी आहे तशी’ विकली आहे. आणि आम्ही निव्वळ मध्यस्थ आहोत, विकणारा मालक वेगळा आहे. तरी सद्‌भावना म्हणून वीस हजार देऊ. ते पैसे घ्यायचे तर ॲपवर एका चौकोनात टिक करायची होती आणि शेजारी लिहिलेलं होतं की यापुढं कसलीही तक्रार राहणार नाही. अशा वेळी हात अडलेला असतो. माझे पैसे पतसंस्थेच्या सीसीतले, म्हणजे कॅश क्रेडिट कर्जातले होते, व्याज रोज चढत होतं. वीस हजार आणि वर डागडुजी, एवढ्यावर गाडी ‘सुटली’ असती. मी टिक केली नाही.

गाडीचं नुकसान तपासून लिहून देणाऱ्या सर्वेक्षकाचा अहवाल हवा होता, माझ्या मिस्त्रीचा चालला नसता. विमा नियामकाचा परवाना असलेल्या सर्वेक्षकाला बोलावलं. त्याआधी कंपनीला मेल केला की अमुक दिवशी पाहणी आहे, तुमचा माणूस पाठवा. कुणी आलं नाही. सर्वेक्षकांनी पाण्याची रेघ डॅशबोर्डच्या खालच्या कडेपर्यंत गेल्याचं लिहिलं, एअरबॅगचा बॉक्स आणि वायरिंगचे फोटो जोडले, आणि अशी गाडी बाजारात किती उतरते तो आकडा घातला.

जायचं कुठं हा प्रश्न त्यानंतरचा. ग्राहक आयोगाचं नाव प्रत्येकाच्या तोंडी पहिलं येतं. पण २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात कलम २(७) मध्येच लिहून ठेवलंय की पुन्हा विकण्यासाठी माल घेणारा हा ‘ग्राहक’ नव्हे. आम्ही गाड्या विकण्यासाठीच घेतो, म्हणजे तो दरवाजा आमच्यासाठी बंद. पोलिसांत फसवणुकीची तक्रार देता येते, पण सुरुवातीपासूनच फसवायचा हेतू होता हे दाखवावं लागतं, आणि अहवाल भरणाऱ्या तपासनिसाला ठाऊक होतं की त्यानं न बघताच भरला हे मला बाहेरून सांगता येत नव्हतं. पैसे वसूल करायला पोलीस ठाणं वापरायचं नाही, असं वकीलसाहेबांचं मत पडलं आणि मला ते मानवलं.

‘आम्ही मध्यस्थ’ हा कंपनीचा मुद्दा मला सगळ्यात जड वाटत होता. विकणाऱ्याचं नाव मला बोलीच्या वेळी दाखवलेलं नव्हतं, आरसीच्या प्रतीत पहिल्यांदा दिसलं. वकीलसाहेबांनी हाच धागा पकडला. करार कायदा १८७२ चा, कलम २३०. एजंट सहसा स्वतः बांधला जात नाही, पण ज्याच्यासाठी तो व्यवहार करतोय त्याचं नाव त्यानं उघड केलं नसेल, तर तो स्वतः बांधला गेला असं गृहीत धरलं जातं. बोली लागली त्या क्षणी माझ्यासमोर एकच नाव होतं, कंपनीचं. पैसे त्यांच्या खात्यात, फी त्यांची, अहवाल त्यांचा.

‘जशी आहे तशी’बद्दल त्यांचं म्हणणं सरळ होतं. न बोललेल्या गोष्टींची हमी कंपनी अटी घालून काढून घेऊ शकते, कायदा तशी मुभा देतो. पण जे स्वतः लिहून दिलं ते दुसऱ्या पानावरच्या छापील वाक्यानं पुसायला निघालात, तर अहवाल लिहिलाच कशाला असा प्रश्न उभा राहतो. ‘पाणी नाही’ असं सांगून पाणी शिरलेली गाडी दिली. ती ‘जशी आहे तशी’ होतीच कुठं?

अटींमध्ये लवादाचं कलम होतं, म्हणजे वाद झाला तर कोर्टात न जाता खासगी पंचाकडे जायचं. लवाद एकच, कंपनीनं नेमलेला, बसणार त्यांच्या शहरात. एका बाजूनं एकट्यानं नेमलेला लवाद चालत नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं २०१९ मध्ये पर्किन्स ईस्टमनच्या खटल्यात सांगितलंय, आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये घटनापीठानंही ते कायम ठेवलं. नोटिसीत तेवढं नमूद करून आम्ही त्यांचा लवाद नाकारला. पण मग तटस्थ लवाद नेमून घ्यायला उच्च न्यायालयात अर्ज करायचा, त्याचा खर्च आणि वेळ वेगळा. सहा लाखांच्या गाडीसाठी हे कुठवर ओढायचं?

वकीलसाहेबांनी मधला रस्ता काढला. मालविक्रीचा वाद तीन लाख किंवा त्याहून जास्त रकमेचा असेल तर तो व्यापारी वाद ठरतो, आणि २०१५ च्या व्यापारी न्यायालयांच्या कायद्यात कलम १२अ आहे. तातडीचा हुकूम मागायचा नसेल तर दाव्याआधी मध्यस्थीचा, म्हणजे तिऱ्हाइतासमोर बसून तडजोडीचा प्रयत्न करावाच लागतो. ही सक्ती आहे, हे सर्वोच्च न्यायालयानं २०२२ मध्ये पाटील ऑटोमेशनच्या निकालात स्पष्ट केलं. ही मध्यस्थी जिल्हा विधी सेवा प्राधिकरण करतं. आणि लवादाचं कलम असलं तरी दोघंही मध्यस्थीला बसायला तयार असतील तर ते कलम आड येत नाही.

अर्ज विजयनगरला, कोर्टात दिला. नमुना एकचा फॉर्म, हजार रुपये फी. प्राधिकरण समोरच्याला नोटीस काढतं. ते आलेच नाहीत तर तसा अहवाल मिळतो आणि दावा लावायची वाट मोकळी होते. पहिल्या नोटिशीला कंपनीकडून कुणी आलं नाही. दुसरी गेल्यावर त्यांच्या वकिलांचा फोन आला. नुसत्या वकिलाच्या नोटिशीला जे लोक तयार उत्तरं चिकटवत होते, ते न्यायालयाच्या आवारातून गेलेल्या कागदाला माणूस नेमून बोलले, हे मी पाहिलं. तीन ते दहा लाखांच्या वादाला मध्यस्थीची फी १५,००० आहे, दोघांत निम्मी-निम्मी. वकिलाच्या एका दिवसाच्या फीपेक्षा फार नाही.

मध्यस्थ म्हणून एक ज्येष्ठ वकीलबाई होत्या. कंपनीचा अधिकारी आणि त्यांचे वकील पडद्यावर, मी आणि वकीलसाहेब समोर. पहिल्या बैठकीत कंपनीचं तेच सगळं झालं, वरवरची तपासणी, ‘आम्ही मध्यस्थ’, सद्‌भावना. बाईंनी दोघांनाही बोलू दिलं आणि मग अहवालाची प्रत मागितली. त्या मुद्दे वाचत गेल्या आणि एका ओळीवर बोट ठेवलं.

“इथं ‘सीटबेल्ट, सर्व : तपासले, कार्यरत’ असं लिहिलंय. तुमच्या माणसानं तपासला म्हणजे ओढून पाहिला असेल ना?”

पलीकडून कुणी लगेच बोललं नाही. ओढून पाहिला असेल तर चिखल दिसलाच असणार. ओढलाच नसेल तर ‘तपासले’ हे खोटं, आणि मग ‘पाणी नाही’ कशावरून लिहिलं? मी तो अहवाल कितीदा वाचला होता, पण पाण्याच्या ओळीपलीकडे माझं लक्ष गेलं नव्हतं. बाईंनी नंतर बोनसचं गणित आणि सर्वेक्षकाचा अहवाल पुढं ठेवायला सांगितला. पुढं त्या दोन्ही बाजूंशी स्वतंत्र बोलल्या. माझ्याशी बोलताना त्यांनी सरळ विचारलं, काय मिळालं तर घरी जाल? मी म्हटलं, बोलीची पूर्ण रक्कम, त्यांची फी आणि गाडी आणण्याचा खर्च. सर्वेक्षक, जागा, व्याज यावर मी ओढून धरणार नाही. आणि एक गोष्ट पैशाची नाही, तिच्यावर मात्र अडून बसेन.

ती गोष्ट अशी. आपल्याकडे आरसीवर गाडी पुरात बुडाल्याची नोंद करायची पद्धत नाही. सरकारच्या ‘वाहन’ पोर्टलवर नंबर टाकलात तर मालकी, विमा, पीयूसी, बोजा दिसेल, पाणी दिसणार नाही. म्हणजे ही गाडी परत गेली आणि त्यांनी ती पुन्हा ‘खुणा नाहीत’ म्हणून लावली, तर माझ्या जागी दुसरा कुणी, आणि त्याच्यानंतर एखादं कुटुंब. म्हणून तडजोडीत लिहा, की कंपनीच्या नोंदीत या चेसिस नंबरसमोर ‘पाणी शिरल्याच्या खुणा आढळल्या, एअरबॅग यंत्रणा बंद’ असं चढेल आणि पुढच्या प्रत्येक विक्रीत ते दिसेल.

पैशांना कंपनी त्या मानानं लवकर तयार झाली. या कलमावर त्यांनी बराच वेळ घेतला. ‘आम्ही आमच्या पद्धतीनं काळजी घेऊ’ असं मोघम वाक्य त्यांना हवं होतं. शेवटी बाईंनी सुचवलेले शब्द राहिले आणि चेसिस नंबरसकट राहिले. सह्या झाल्या. अशा मध्यस्थीतल्या तडजोडीला लवादाच्या निवाड्याचा दर्जा असतो, पाळली नाही तर सरळ अंमलबजावणीला जाता येतं, नव्यानं दावा लावावा लागत नाही.

पैसे ठरलेल्या मुदतीत आले. ट्रेलर त्यांचाच, खर्च त्यांचाच. गाडी देताना मी पुन्हा सगळा व्हिडिओ काढला आणि ड्रायव्हरकडून वेळ घातलेली पोचपावती घेतली, कारण वाटेत काही झालं तर जबाबदारी कुणाची याचा कागद हवा. फीवरच्या जीएसटीसाठी क्रेडिट नोट मागून घेतली. व्याज, सर्वेक्षक आणि वकील मिळून माझ्या खिशातून बऱ्यापैकी गेलेच. वीस हजार घेऊन गाडी ढकलली असती तर हिशोबाच्या वहीत आकडा बरा दिसला असता, हे खरं आहे. मला त्याचं वाईट वाटत नाही.

आमच्या रस्त्यावर ही गोष्ट पसरली तसे दोन गाडीवाले कागद घेऊन आले. एकाला ‘दुसरा मालक’ म्हणून सांगितलेली गाडी चौथ्या मालकाची निघाली होती. त्यानं ती रंगवून स्वतःच्या नावावर चढवलीही होती. त्याला गाडी परत करता येणार नाही, किमतीतला फरक मागायचा तेवढा राहिला आहे आणि तो मागायला त्याच्याकडे तीन वर्षं आहेत. दुसऱ्याची गाडी आदल्या रात्रीच उतरली होती, मीटर फिरवलेला होता, सर्व्हिसच्या नोंदीत दोन वर्षांपूर्वीच मीटर आत्ताच्या पुढं. त्याला माझ्यासमोर बसवून मेल लिहायला लावला, ‘मी ही गाडी स्वीकारत नाही.’ त्याचा अर्ज आता प्राधिकरणात आहे.